दोन थेंब कमी

बेसिंगस्टोक,
९ ऑक्टोबर २००७

प्रिय ऋजुता,

तुझ्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट, मागची शेड, कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवून केलेलं अर्क काढायचं यंत्र आणि गोचिडींवरचं तेल. या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी एवढ्या. एकीसाठीही क्लास लावला नव्हता. ऑफिसातली डिग्रीवाली मंडळी हसायची, तेव्हा मी वही उघडून आकडे दाखवायचो.

तेलाचं प्रमाण तुलाही पाठ असेल. गावी म्हशींना लावायचे ते करंजतेल चार भाग, कडुलिंबाचं एक भाग, वर आपल्या बागेतल्या लॅव्हेंडरच्या अर्काचे बारा थेंब. न्यू फॉरेस्टच्या रानातून फिरून आलो की आपल्या कुत्रीला, जिंजरला, किचनमध्ये वर्तमानपत्रावर उभी करायचो. तू तिच्या कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत शोधायचीस, मी आकडा लिहायचो. तेलाआधी अकरा, नऊ, चौदा. तेलानंतर शून्य, एक, शून्य. किती खूश होतो आपण दोघं! मग गेल्या वर्षी जूनमध्ये मी ते तुझ्या मोज्यांनाही लावलं. कुत्रीचा केस न् केस तपासला गं आपण. एकमेकांचे पाय मात्र बघितले नाहीत.

दहा दिवसांनी तुझ्या गुडघ्यामागे लाल कडं उठलं. आई म्हणाली, जीपी डॉक्टरांना दाखवून येऊ. मी पट्टी लावून ते मोजलं, सात सेंटिमीटर भरलं, आणि दोघींना ठणकावलं की माझ्या तेलावर गोचीड बसूच शकत नाही, हे तेल तिखट पडलंय. वहीतही तेच लिहिलं : ऋजुताला तेल सोसलं नाही. लॅव्हेंडर दोन थेंब कमी.

ऑगस्टमध्ये तुझा चेहरा एका बाजूने ओघळला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, अंगावर कधी लाल कडं उठलं होतं का. तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग त्यांना म्हणालीस, "नो. नथिंग लाइक दॅट."

आणि मी, मिलिमीटरची चूक खपवून न घेणारा माणूस, शेजारच्या खुर्चीत गप्प बसून राहिलो.

खरं दुखणं, गोचिडीच्या चाव्यातून आलेलं, रक्ताच्या तपासणीत सापडायला डिसेंबर उजाडला. तोवर गुडघा सुजून तुझं नेटबॉल सुटलं होतं. चेहरा सावरला, गुडघा अजून नाही. तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस. आता लीड्सला राहतेस, तिथून फोन करतेस, आईशी बोलतेस, आणि ठेवता ठेवता विचारतेस, बाबांची शेड कशी आहे. तुझा रिपोर्ट आला तेव्हापासून शेडला कुलूप आहे. आईने तुला सांगितलं नसेल.

वहीतल्या त्या पानाची फोटोकॉपी सोबत ठेवली आहे. तारीख, माप, सगळं आहे. ती तुझ्या डॉक्टरांना दाखव, आणि माझ्यासाठी बोललेलं ते खोटं आता सांभाळत बसू नकोस. हे लिहायला मला चौदा महिने लागले. लिहितोय तेही परवा ब्रॅकनेलहून एक माणूस घरी आला म्हणून. प्राण्यांची औषधं विकणारी कंपनी. त्यांना माझी कृती हवी होती, बाटलीवर माझं नावही येणार होतं. फक्त एका कागदावर सही करायची होती, की हे तेल वापरलेल्या कुणालाही आमच्या घरात कधी गोचीड चावलेली नाही. तू हॉस्पिटलात बोललीस तसलंच एक वाक्य. मला ते जमलं नाही, कागद परत दिला. अठरा हजार पौंड देत होते.

तुझाच,
बाबा