ईदगाहावरची अल्हम्द

उस्ताद, तुमच्या मातीला मी आले नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तुम्ही गेल्याची चिठ्ठी कुणीतरी व्यासपीठावर आणून दिली तेव्हा मी साताऱ्यात एका सभेत बोलत होते. मी ती वाचली, घडी घालून पदराच्या टोकात बांधली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. श्वास कुठे घ्यायचा, स्वर किती लांबवायचा, थांबायचं कुठे, हे सगळं तुम्हीच माझ्या अंगात भरलं होतं, त्यामुळे आवाज जरासुद्धा हलला नाही. लोक विचारतात, बाई, एवढी स्वच्छ वाणी कुणाकडून मिळाली? मी वडिलांचं नाव सांगते. तुमचं एकदाही सांगितलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी तुम्ही तालुक्याच्या गावी, मशिदीला टेकून असलेल्या पत्र्याच्या खोलीत मुलांना कुराण शिकवायला आलात. कुठून आलात ते कधी नीट सांगितलं नाहीत. वर उत्तरेत कुठल्यातरी मोठ्या मदरशात शिकलात एवढंच आम्हाला ठाऊक, आणि ते दिवसातून दोनदा ऐकावं लागे. मी गावाहून चालत यायची, शाळा सुटली की तुमच्याकडे. त्या पत्र्याखाली उन्हाळ्यात डोकं शिजायचं. तुम्ही तळहात ओठांसमोर धरायला लावायचात: या अक्षराला हाताला वारा लागला पाहिजे, त्याला लागता कामा नये. गळ्यावर बोट ठेवायला लावायचात: हे खालून, हे मधून, हे पडजिभेपासून. स्वर लांबवायचा तर मूठ उघडून एकेक बोट मिटत जायचं, चार बोटं मिटेपर्यंत आवाज तुटता कामा नये. तुटला की निरगुडीची शिपटी. पोरं घरी जाताना बैलासमोर, विहिरीवर, भाकरीच्या ताटावरसुद्धा बोटं मिटत असायची. तुम्ही म्हणायचात, "तुम लोगों की मराठी ज़बान है, मोटी. इसको छीलना पड़ेगा." लाकूड तासतात तशी आमची जीभ तासायला निघाला होतात तुम्ही. घरात आम्ही वडिलांना 'बा' म्हणायचो. तेही तुम्हाला खपलं नाही. तुमच्या खोलीत त्यांना 'अब्बा' म्हणावं लागे, जणू तो कुणी दुसराच माणूस होता.

एकदा मी विचारलं होतं, इथे थांबलं तर अर्थ बिघडतो असं म्हणता, तर अर्थ काय आहे? तुम्ही शिपटी उचललीत आणि म्हणालात, मतलब मोठ्यांचं काम. नंतर माझ्या लक्षात आलं की तुम्हालाही फारसा येत नव्हता. दुसऱ्याच्या घराची किल्ली घासूनपुसून लखलखीत ठेवणारा आणि दार कधीच न उघडणारा माणूस, तसे तुम्ही. मी पुढे अर्थ वाचला. मराठीत, उर्दूत, मिळेल त्या भाषेत, एकाच ओळीवर भांडणाऱ्या चार-चार भाष्यकारांसकट वाचला. तुमच्या खोलीत मी जे तीन वर्षं म्हणत होते त्यात अनाथाला हाकलणाऱ्याबद्दल आणि दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्याबद्दल काय म्हटलंय ते मला कळलं, तेव्हा मला तुमचा चेहरा आठवला आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

बा गावचे मुलाणी. हे काय असतं ते तुम्ही कधी समजूनच घेतलं नाहीत. जत्रेत शे-दीडशे बकरी पडायची, पण बानं सुरीवर अल्लाचं नाव घेतल्याशिवाय एकाही मराठ्याच्या घरी चूल पेटायची नाही. पंचक्रोशीतले पहिलवान, पलटणीतून रजेवर आलेले जवान, ऊसवाले बागायतदार, सगळे आपापलं बकरं धरून बाची वाट बघत रांगेत उभे राहायचे. बाचं अक्षराशी वाकडं होतं, सही येत नव्हती. आजानं तोंडी शिकवलं तेवढंच अरबी. पण आवाज होता. पूर्वी मोटेवर गायलेला माणूस, त्याची अल्हम्दही मोटेच्या चालीवर यायची, मध्येच उंच चढायची आणि बैल मागे सरकल्यासारखी हळू उतरायची. कुराणाची ती पहिली सात वाक्यं बा म्हणायला लागले की गावातल्या आमच्या बारा मुसलमान घरांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या डोळे मिटायच्या. दोन्ही ईदच्या नमाजेला पुढे उभं राहायचा मान बाचा. त्याआधी आजाचा. त्या मानावाचून बाच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मग ती रमजान ईद. तालुक्याची नमाज मोठ्या इमामांकडे होती, तिथे तुम्हाला कोण पुढे उभं करणार? म्हणून सायकल मारत तुम्ही आमच्या गावाला आलात. ओढ्याकाठची ईदगाहाची भिंत आदल्या दिवशी बानं स्वतः चुन्यानं रंगवली होती, नखांत चुना तसाच होता. ही गोष्ट मी वीस वर्षं सभांमधून सांगत आले आहे आणि ती अशी सांगते. रांगा लागल्या होत्या. तुम्ही बासमोर जाऊन उभे राहिलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, आधी अल्हम्द सुनाइए. बानं तुमच्याकडे पाहिलं, मग हात बांधून म्हटली, त्याच चालीवर. तुम्ही हसलात. म्हणालात की असल्या उच्चाराच्या माणसामागे नमाज होत नाही. बा म्हणाले, "आवं उस्ताद, माज्या बानं शिकीवलं तसंच म्हंतूय मी." तेव्हा तुम्ही पोरांच्या घोळक्यात नवा फ्रॉक घालून उभ्या असलेल्या मला बोट करून बोलावलंत, "बेटी, तू सुना." मी म्हणून दाखवली, वारा तिथे वारा, बोटं मिटून चार मात्रा. मग बा मागे सरले आणि म्हणाले, "उस्ताद, तुमीच व्हा म्होरं." तुम्ही झालात. इथे मी थांबते, आणि सभेत टाचणी पडली तरी ऐकू येते.

त्यानंतर बा ईदला शेवटच्या रांगेत उभे राहायचे, कडेला, चपलांजवळ. मला तुम्ही दुसऱ्या दिवशी शिसवी लाकडाची रेहल दिलीत, कुराण ठेवायची घडीची घोडी, वेलबुट्टी कोरलेली. शाबासकी म्हणून. माझ्या आयुष्यातली पहिली भेट. मी ती छातीशी धरून घरी आणली तेव्हा बानं ती हातात घेतली, उघडली, मिटली, आणि चांगलं लाकूड हाय, एवढंच म्हणाले. पुढच्या जत्रेत बकऱ्यांची रांग लागली आणि बा सुरी हातात घेऊन ओठ मिटून उभे. पहिलं बकरं सरपंचांच्या थोरल्या भावाचं होतं.

"मुलाणी, म्हन की रं मोठ्यानं."

"म्हनलं की मनात."

"मनातलं बकऱ्याला काय कळतंय? आन् आमाला तरी? लेका, तुज्या आवाजाबिगर जत्रा मुकी वाटती."

बा हसले आणि पुढच्या बकऱ्याकडे वळले. सरपंचांच्या ज्या भावाला अरबीचं एक अक्षर कळत नव्हतं त्याला काय हरवलं ते कळलं. तुम्हाला सगळी अक्षरं कळत होती, तुम्हाला ते कळलं नाही.

तुम्हाला मी माफ करत नाही त्याचं खरं कारण पुढचं आहे. पैगंबरांचं एक वचन आहे. जो सफाईने पढतो त्याची जागा मोठी. आणि जो अडखळत, जीभ वळत नसताना, कष्टाने पढतो त्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य. दुप्पट, उस्ताद. मी ते कॉलेजात असताना सांगलीच्या एका वाचनालयात वाचलं. तेच पुस्तक तुमच्या कपाटात होतं, वरच्या फळीवर, हिरव्या पुठ्ठ्याचं. दर गुरुवारी मीच त्याच्यावरची धूळ झटकायची. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ज्या माणसाला तुम्ही चपलांजवळ जाऊ दिलंत त्याच्या वाट्याला तुमच्या दुप्पट आहे, हे ठाऊक असून तुम्ही त्याच्या जागेवर जाऊन उभे राहिलात. बारा घरांची का होईना, तुम्हाला मागे उभी राहणारी जमात हवी होती. अज्ञानाची मला कीव येते. पण माहीत असलेली दया फळीवर ठेवून देणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात तुच्छतेशिवाय काही नाही, आणि ती मी लपवतही नाही.

बा गेले ते दुपारचे, अंगणातल्या बाजेवर, शेवग्याच्या सावलीत. मी उशाशी बसून पढत होते, तुमची रेहल समोर. सुंदर पढत होते, हे मी गर्वाने सांगत नाही, तुमच्या शिपटीने दुसरं काही येऊच दिलं नाही. बानं डोळे उघडले आणि हात हलवून मला थांबवलं. म्हणाले, "हे नगं. तुज्या आजाचं म्हन. आल्हम." मी हो म्हटलं, पुस्तक मिटलं आणि सुरू केलं. पहिल्या वाक्यातच अक्षर घशातून आलं. पुन्हा सुरू केलं. जीभ जिथे तुम्ही बसवली होती तिथेच जाऊन बसली. मी मोटेची चाल धरायला गेले आणि माझी बोटं आपोआप मिटत गेली, एक, दोन, तीन, चार. बा ऐकत होते. तिसऱ्या वेळेला म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ल्येकी. तुला न्हाई यायचं." रागाने नव्हे. दमलेल्या पोराला सांगावं तसं. हजारांच्या सभा मी हलवल्या आहेत, पण माझ्या बापाला हवी होती ती सात वाक्यं मला म्हणता आली नाहीत.

इथवर लिहून मी दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. पत्र पाठवायचं नाही हे आधीच ठरलेलं, तुम्ही आहात कुठे? पण मेलेल्या माणसाला लिहिताना टाळ्यांसाठी लिहायचं कारण नाही. तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. त्या ईदला बाची अल्हम्द ऐकून तुम्ही हसला नव्हतात. नमाज होत नाही असंही म्हणाला नव्हतात. तुम्ही फक्त हळूच म्हणालात, "ठीक है भाई, बाद में बैठेंगे, आज आप ही पढ़ाइए," आणि पहिल्या रांगेत जायला वळलात. बोलले मी. पोरांच्या घोळक्यातून, सगळ्या ईदगाहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "अब्बा, ग़लत है," आणि कुणी न सांगता सातही वाक्यं बिनचूक म्हणून दाखवली. बानं वळून माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे नाही. तुम्ही बाच्या जागी जाऊन उभे राहिलात, नको म्हणू शकला असतात, तो तुमचा गुन्हा आणि तो तुमच्याकडेच राहू दे. पण तुम्ही मला बोलावलं नव्हतं. ते माझं पहिलं भाषण होतं, आणि मला तुमची शाबासकी हवी होती.