मुखपृष्ठं सांगणारी बाई

३ जून
काम मिळालं. गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारे काका राहतात. तीन खोल्या भरून जुनी पॉकेटबुकं. रहस्यकथा, हेरकथा. आतला कागद पिवळा पडलाय, मुखपृष्ठं मात्र अजून झगझगीत. काकांची दृष्टी गेली आहे. मी एकेक मुखपृष्ठ शब्दांत सांगायचं, ते चित्रकार ओळखणार, मी वहीत टिपणार. मुलगी फोनवर म्हणाली, आई, चित्रं बघायचा पगार? चंगळ आहे तुझी! हे जाऊन वर्ष झालं. त्यानंतर आज पहिल्यांदा हसले.

५ जून
माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन रद्दीवाल्याच्या कृपेनं. मुखपृष्ठाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. काका शिकवतात. एक चित्रकार सावली नेहमी जांभळी रंगवायचा. दुसऱ्याला हात काढणं जमायचं नाही, म्हणून त्याचे सगळे गुंड खिशात हात घालून उभे.

९ जून
एका मुखपृष्ठावर पाठमोरा माणूस होता, डावा खांदा किंचित खाली. मी म्हटलं, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. काका म्हणाले, मग सांगा की त्यांच्याबद्दल, बाई. वर्षभरात असं कोणी विचारलं नव्हतं. ते कसे चालायचे ते सांगितलं. फार हलकं वाटलं.

१० जून
ह्यांचं चालणं आठवेना. वाईटही वाटलं नाही. दात काढल्यावर हिरडी बधिर असते, तसं.

१४ जून
तो माणूस रोज एका तरी पुस्तकावर निघतो. रोज जरा जास्त वळलेला. आज भुवईवरचा व्रण दिसला, ह्यांचाच. तो कसा पडला ते सांगून बसले. घरी येऊन ह्यांचा फोटो पाहिला. भुवई कोरी.
काका आता डावा खांदा पाडून चालतात.

१७ जून
काकांनीच मला सांगितलं, तुमचे हे तुम्हाला पहिल्यांदा भेटायला आले ते उलटा शर्ट घालून. मला नवीनच होतं. हसले. बाहेर आल्यावर कळलं, ही गोष्ट मीच त्यांना कधीतरी—

१९ जून
जे सांगते ते जातं. तरी कोणी विचारलं की सांगावंसं वाटतं.
फोटोत शर्ट आहे. वर काही नाही.
मुलीला विचारलं, बाबा कसे दिसायचे गं? ती म्हणाली, आई, असं काय विचारतेस? मग रडू लागली. मी ऐकत राहिले. भांडी घासायची होती.

२० जून
आज कामाला जायचं नाही. एकच उरलंय. हे मला एका नावानं हाक मारायचे. ते नाव मुलीलाही ठाऊक नाही. काकांना तर नाहीच.

दुपार
दारात कोणीतरी आहे. पाऊल एक जड, एक हलकं.
त्या नावानं हाक मारली.
आवाज काकांचा नाही.
कडी काढू नये, हे कळतंय. पण वर्ष झालं, मला कोणी असं—