दरालाच्या ढोलीतील कुला

मी, सेरेआना तिकोइसुवा, निवृत्त शिक्षिका, राहणार तावेउनी बेट, फिजी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसांनी हात टेकले असले तरी डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे.

१. राहते पत्र्याचे घर भाची लावेनिया हिला. तिने आधी मोरी दुरुस्त करावी. मी सांगून थकले.

२. कॅमेरा, लांब भिंग आणि कुला पोपटांचे सर्व फोटो शाळेला. लाल पोटाचा, हिरव्या पाठीचा हा पोपट दरालाच्या लाल फुलांत उलटा लटकून मध चाटतो, तेव्हा फूल कुठे संपले आणि पक्षी कुठे सुरू झाला ते कळत नाही. शेवटचे फोटो हलले आहेत, तरी फेकू नयेत. श्वास रोखून बसणे मला जमेनासे झाले होते.

३. घरासमोरचे दरालाचे झाड. हे मला कोणालाच देता येत नाही. जमीन कुळाची, आणि कुळाचा प्रमुख माझा थोरला भाऊ सेमेसा. सभागृहापर्यंत ट्रक जावा म्हणून तो आज, आत्ता, ते पाडणार आहे. ढोलीत कुलाची पिल्ले आहेत, त्यांना अजून उडता येत नाही.

आमच्या रिवाजाप्रमाणे मोठे झालेले भाऊबहीण एकमेकांशी थेट बोलत नाहीत. म्हणून तो माझ्याकडे पाठ करून दारात बसला आहे आणि आमचे भांडण पाळक एपेली यांच्यामार्फत चालले आहे.

"तिला सांगा, पोपटांपायी गावाचा रस्ता अडवू नकोस म्हणावं."

"त्याला सांगा, वळसा घालून न्या म्हणावं. ट्रकचे काय पाय दुखतात?"

"बघा पाळकसाहेब, मरायला टेकली तरी तोंड बंद नाही!"

बाहेर यांत्रिक करवत सुरू झाली आहे. अक्षर बिघडले तर समजून घ्यावे, मला फार भीती वाटते आहे.

४. आईकडून आलेला देवमाशाचा दात मी मरणोत्तर कोणासाठीही ठेवत नाही. तो आत्ताच देत आहे. एपेलींनी तो सेमेसापुढे ठेवून माझी मागणी सांगितली आहे: झाड उभे राहावे. दात स्वीकारला की मागणी नाकारता येत नाही, म्हणून तो हात लावत नाही. नुसता बघतो आहे.

करवत झाडाला लागली. आवाज बदलला.

सेमेसाने दात दोन्ही हातांनी उचलला आणि तो बाहेर बघून ओरडला, "ए, बंद करा रे ते!"

मग तो वळला. एपेलींकडे नाही, माझ्याकडे.

"सेरे, पिल्लं किती आहेत गं?"

"दोन," मी म्हणाले.

हे सर्व पूर्ण शुद्धीत लिहून, दोघांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

सेरेआना तिकोइसुवा

साक्षीदार: एपेली वुनिवालू, पाळक
साक्षीदार: सेमेसा तिकोइसुवा, भाऊ

तावेउनी, १४ ऑगस्ट १९९६