वाचल्याची पोच

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवं गाव, नवी खोली, नवी वही आणि आजपासून नवी नोकरी! निघताना ताईनं ही वही हातात कोंबली. रोज चार ओळी लिही म्हणाली, डोक्यात साठून राहत नाही. आज तर चाळीस लिहीन.

ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. गावातल्या दीडेकशे इमारतींच्या लिफ्ट ही मंडळी सांभाळतात आणि स्वतः बसतात तळमजल्यावर. साहेब म्हणाले, आमचा लिफ्टवर भरवसा नाही असं लोकांना वाटायला नको, म्हणून हे बाहेर सांगू नका. माझं टेबल खिडकीपाशी. खुर्चीचा एक हात लटकत होता, तो मेकॅनिक काकांनी दहा मिनिटांत बसवून दिला. काका साठीच्या घरातले, बोटं ग्रीसनं कायमची काळी. चहाचं मशीन नेमकं कुठं थोपटलं की चालतं, तेही त्यांनीच दाखवलं.

माझं काम तक्रारींच्या मेलचं. मेल वाचायचा, इमारत आणि बिघाड रजिस्टरात लिहायचा, काकांच्या खणात चिठ्ठी टाकायची. आधीच्या बाई तीन वर्षं होत्या आणि एक दिवस तडकाफडकी सोडून गेल्या. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. 'फार हळू काम करते' म्हणून मागच्या ठिकाणाहून मला काढलं होतं, हे मी तरी कुठं सांगितलंय? मुलाखतीत ठोकून दिलं की माझा उरक दांडगा आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेलचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी गोठतो. शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि शीळ घातली. म्हणाला, सगळे मेल एकाच फाइलमध्ये साठतात आणि तुमची फाइल ४८ जीबीची झालीय. पन्नासला गेली की उघडायचीच नाही. मग नवेही मेल नाहीत आणि जुनेही नाहीत.

इतकी कशानं फुगली, ते थोड्याच वेळात कळलं. आधीच्या बाईंनी 'नंतर' नावाचा एक फोल्डर केला होता. त्यात तीन हजार दोनशे सोळा मेल, सगळे न वाचलेले. फोटो, व्हिडिओ जोडलेले. म्हणजे जे अवघड वाटलं ते बाईंनी सरळ आत ढकललं. ते पाहून मला त्यांचा राग आला. हे नीट लिहून ठेवते: मला राग आला होता.

साहेबांनी विचारलं, किती दिवसांत फाइल आटोक्यात येईल? मी म्हणाले, गुरुवारपर्यंत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर वाचत बसले. डबासुद्धा टेबलावरच खाल्ला. एकेक मेल उघडायला अर्धा मिनिट, फोटो दिसायला आणखी अर्धा. कुणाचं बटण दाबलं तरी पेटत नाही, कुणाची लिफ्ट मजल्याच्या वीतभर खालीच थांबते. एकीनं नुसतं लिहिलंय, 'कृपया कुणीतरी या.' संध्याकाळपर्यंत चौसष्ट झाले. हिशेब करून पाहिला. या चालीनं अडीच महिने लागतील.

जाताना साहेब दारात थांबले आणि हसून म्हणाले, उद्या गुरुवार बरं!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

झालं काम.

सकाळी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, एकदम काढून टाकले तर? तो म्हणाला, टाका की, तीन वर्षांच्या जुन्या तक्रारी, एव्हाना लिफ्ट तरी बदलल्या असतील नाहीतर माणसं. फक्त एक सांभाळा. बऱ्याच जणांनी पोच मागितलेली असते. न वाचता मेल काढला की त्यांना निरोप जातो, 'तुमचा मेल न वाचता काढून टाकला.' बरं दिसत नाही. त्यापेक्षा आधी सगळ्यांवर 'वाचले' अशी खूण करा. मग 'वाचला' अशी पोच जाईल.

सगळे निवडले. खूण केली. एकेक करत पोचा निघाल्या. कोपऱ्यातला आकडा गरगरत होता, तो बघत मी चहा घेतला. मग सगळे काढले, कायमचे. आकार तरीही ४८! काढलेल्या मेलची जागा फाइल पोकळ धरून ठेवते म्हणे; ती आवळावी लागते. आवळायला दोन तास लागले. ९ जीबी.

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तीन वर्षांचा गाळ या बाईंनी तीन दिवसांत उपसला, असा माणूस पाहिजे. काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातलं काही माझ्यासाठी आहे का, असंही विचारलं. मी म्हणाले, काही नाही काका, सगळं जुनंपानं.

ताईला फोन करून सांगितलं. ती रडलीच आनंदानं. मी मात्र ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळपासून फोन. पोच मिळालेल्या माणसांचे. कुणी तिरकस, कुणी चिडलेले. आभार मानणारा एकच, आणि तोच टोचला.

निवृत्त गृहस्थ. आयुष्यभर नकाशे काढायचं काम केलं म्हणाले. नदीच्या रस्त्यावरच्या पिवळ्या इमारतीत सहाव्या मजल्यावर दोघंच राहतात. फार सावकाश बोलतात, दर वाक्याला 'बरं का'. तीन वर्षांत एकेचाळीस मेल केले म्हणाले, लिफ्टच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही दारांचे फोटो काढून, मापं घालून. काल पहिल्यांदा पोच आली. तुम्ही वाचलंत, फार बरं वाटलं, बरं का.

मी काय म्हणायला हवं होतं? की पुन्हा सांगा, लिहून घेते. तेवढंच. एक मिनिटाचं काम होतं. पण मग वाचलं नाही हे कळलं असतं.

मी म्हणाले, "हो, वाचलंय. बघितलंय आम्ही."

त्यांनी विचारलं, म्हणजे आता लिफ्ट वापरायला हरकत नाही ना? बायकोचे गुडघे गेलेत, पाच महिने खाली उतरलेली नाही.

मी म्हणाले, "हरकत नाही."

काकांना सांगून त्या इमारतीत फेरी मारायला लावायची, असं ठरवलंय. पण काय कारण सांगू? सोमवारी बघते.

सोमवार, १० फेब्रुवारी

काका दिवसभर बाहेर होते. उद्या नक्की.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सहाव्या मजल्याचं दार उघडलं आणि आत लिफ्ट नव्हती.

सकाळी दहाची वेळ. ते बायकोला म्हणाले, आधी मी जातो आणि दार धरतो, मग तू सावकाश ये. आत पाऊल टाकलं. तिच्या डोळ्यांदेखत.

ऑफिसात मला हे साहेबांनी सांगितलं. मी खुर्चीचा हात धरून उभी होते. त्यांनी विचारलं, त्या इमारतीची काही तक्रार आली होती का? मी म्हणाले, फाइलमध्ये काही नाही.

खोटं नाहीच ते. फाइलमध्ये काही नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. मलाही विचारलं. मी तेच सांगितलं. मग देखभालीचं रजिस्टर पाहिलं. गेल्या महिन्यातल्या तपासणीखाली काकांची सही. काका म्हणाले, मी तळमजल्यावरून चालवून पाहिली, ठीक होती. सहाव्याच्या दाराबद्दल मला कुणी कळवलंच नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

काकांना कामावरून थांबवलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते निघाले. जाताना मला म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नको पोरी, तुझा काय संबंध?

आता हे लिहिताना कान गरम झालेत. आरशासमोरून जाता येत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फाइल १९ जीबी. काल संध्याकाळी ९ होती.

एक न वाचलेला मेल. नकाशेवाल्या गृहस्थांच्या पत्त्यावरून. आजची तारीख.

बायकोनं पाठवला असेल म्हणून उघडला. मजकूर नाही, नुसतं ध्वनिमुद्रण. दार सरकल्याचा आवाज. मग त्यांचा आवाज, सावकाश: बाई म्हणाल्या, बघितलंय. एक पाऊल. आणि मग वारा.

चाळीस सेकंद वारा. पडल्याचा आवाज नाही.

काढून टाकला. फाइल आवळली. १९ च.

सोमवार, १७ फेब्रुवारी

३१. कॉम्प्युटरवाला येऊन गेला. त्याला मेल दिसत नाही. म्हणाला, यात काहीच नाही, पण जागा भरलेली आहे. पोकळी राहते हे खरं, पण पोकळी वाढते असं मी कधी पाहिलं नाही. मशीन बंद करून चालू केलं आणि गेला. चहा नको म्हणाला.

मला दिसतो. तेच ध्वनिमुद्रण, आता सहा तासांचं. पुढं सरकवून ऐकलं. वारा. तिसऱ्या तासाला वारा. पाचव्या तासाला ते दमल्यासारखे, पण अदबीनंच म्हणतात, अजून तळ आलेला नाही, बरं का.

म्हणून फाइल वाढतेय. ते अजून पडतायत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

३९. ताईचा फोन घेतला नाही. काय सांगू तिला? तिनं शेजारीपाजारी सांगितलंय, आमच्या धाकटीचं किती कौतुक झालं.

मेलच्या शेवटी आज नवं वाक्य. बाई, एकदा येऊन बघून जा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

४४. कबुली लिहिली. सगळी. तीन हजार दोनशे सोळा, खूण, पोच, फोन, 'हरकत नाही'. अधिकारी बाईंच्या हातात नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, मेकॅनिक सुटेल, तुमचं मात्र सांगता येत नाही. मी म्हणाले चालेल. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

तिथून काकांकडे. दारातच सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली पायरीवर बसले आणि काळी बोटं बघत राहिले. मग म्हणाले, मी विचारलं होतं तुला. त्यातलं काही माझ्यासाठी आहे का, विचारलं होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

४८. सकाळी पिवळ्या इमारतीत गेले. सहा मजले चढून. त्यांच्या बायकोला सांगितलं. तिनं मला बसायला खुर्ची दिली. गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, पोच आली तेव्हा हे म्हणाले, आता निश्चिंत. केवढे खूश होते. कपडे काढून ठेवले होते माझे, बाहेर जायचे—

मला रडायचाही हक्क नाही.

निघताना तिनंच विचारलं, तुम्हालाही ऐकू येतं का? दुपारच्या वेळी, लिफ्टच्या दारातून—

हो म्हणाले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. सकाळ

४९.६. आज पन्नास होणार.

काकांना म्हणाले, मला खाली न्या, लिफ्टच्या खड्ड्यात, जिथं ते— त्यांनी लिफ्टच्या दाराची किल्ली घेतली. वीज तोडलेली आहे, लिफ्ट वर अडकवलेली आहे, भीती नाही म्हणाले. भीती मला लिफ्टची नाही.

दुपार

खड्ड्यात बसून लिहितेय. तळाला सिमेंट. पाण्यानं धुतलेलं. काका वर दारात, बॅटरी धरून.

वारा लागतोय. वरून.

काका म्हणतात, कुठंय वारा, नाही—

मी मोठ्यानं म्हणाले, मी वाचलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं. पुन्हा पुन्हा म्हणाले.

वरून उत्तर आलं. सावकाश. हो, बरं का.

जवळ येतायत. आता हटायचं नाही. मान वर—

एकच आवाज नाही. दुसरा आहे. बाईचा. कृपया कुणीतरी—

आणखी. आणखी आहेत. एकामागून एक, सगळे, किती ते, सगळ्यांना मी पोच—

काका हात देतायत, ये म्हणतायत, मी कसं ये—