लिफ्टच्या दारात

थोरलीच्या बाबांना नमस्कार.

मी ठीक आहे, काळजी नको. तुम्ही वेळेवर जेवता का?

एक गोष्ट लपवली होती. कामावरच्या इमारतीत लिफ्टमध्ये मी दोन तास अडकले होते. तेव्हापासून बादली घेऊन आठ मजले जिन्यानेच चढायचे. मुकादम म्हणाला, "मनाच्या डॉक्टरला दाखव, नाहीतर काम सोड."

पहिली डॉक्टरीण बोलून मोकळं करणारी. ती गप्प, मी गप्प. शेवटी मी उठून तिचं टेबल पुसलं. ती हसली, म्हणाली, "मावशी, काहींना बोलून बरं वाटतं, तुमचं तसं नाही." मग दुसऱ्या डॉक्टरणीकडे धाडलं. ती मला रोज लिफ्टपाशी नेते. आधी उघड्या दारात उभं राहायचं, धडधड थांबेपर्यंत. मग एकच मजला. काल चौथ्यापर्यंत गेले. घाम फुटला, पण गेले.

तुमच्या अपघातापासून तुम्ही ट्रकला हात लावला नाही. धाकटी सांगते, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडता. मी तुम्हाला भित्रे म्हणाले, ते चुकलं.

सरकारी दवाखान्यात जा. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर ट्रकपाशी नेणारा डॉक्टर मागा. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलात म्हणून कोणी हसलं, तर त्याला माझा पत्ता द्या.

तुमचीच,
मुलींची आई