कोहळ्याचा मेंदू आणि चांद्याचं शिंग

गोंदिया,
शनिवार, ता. १४ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप पुरनलालदादांच्या पायांशी मनीरामचा नमस्कार.

तुमचा खोकला, वहिनींचे गुडघे, मुलांच्या परीक्षा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण आज दुसऱ्याचं दुखणं ऐकून घ्यायची मला सवड नाही. इकडे हलका धान घरात आला, उशिरा पिकणारा भारी अजून खळ्यात आहे. तुमची धाकटी भावजय सुखवंता मजेत आहे. (जरा जास्तच मजेत आहे, ते पुढे येईल.) मी मात्र ठीक नाही. मी जळतो आहे दादा, आणि तुमच्यापासून काय लपवायचं?

आग लागली ती तुमच्याच व्हेटर्नरी कॉलेजातून. (तुम्ही तिथले स्टोअरकीपर, म्हणजे पेटी तुमच्याच सहीनं सुटली असणार. तेव्हा अर्धा दोष तुमचा.) आमच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर भोजराज आले आहेत. वय सत्तावीस. माणूस शेणात उभा राहिला तरी कोटाला डाग पडत नाही. त्यांनी संशोधनासाठी तिथून एक पेटी आणली आहे. जनावराच्या दोन शिंगांमधल्या कातडीत बारीक सुया टोचायच्या, तारा पेटीला जोडायच्या, की मेंदूत जी वीज खेळते तिच्या रेघा एक टाक सरकत्या कागदावर काढत जातो. जनावर जागं असेल तर रेघा बारीक आणि घाईच्या. झोपेचं औषध चढलं की मोठ्या आणि सावकाश. औषध जास्त झालं तर रेघ सपाट, म्हणजे जनावर हातचं चाललं. आता सांगा, हे काम इथे बावीस वर्षं कोण करत होतं? माझं बोट! बैलाच्या पापणीला बोट लावायचं. पापणी हलली तर थांबायचं, नाही हलली तर म्हणायचं, 'झाला.' मी 'झाला' म्हटल्याशिवाय जुन्या डॉक्टरांनी कधी सुरी उचलली नाही. कंपाउंडरच्या हाती दुसरं असतं काय? बाटल्या धुणं, आणि तो एक शब्द.

आता माझ्या बोटाला कोणी विचारत नाही. पेटी बैलाच्या मनातलं वाचते अशी हवा झाली आहे. बिरसीचा बकाराम आपला धडधाकट बैल घेऊन आला आणि म्हणाला, "डाक्टरसाब, याले जोडीदार पसंत आहे का नाही, तेवढं पाहून द्या जी. जू ठेवलं का बाजूले सरकून रायला." दुसरा कोणी हसला असता. हा डॉक्टर हसलासुद्धा नाही! त्यानं बैलाची मान चाचपली, जुवाखालची जखम शोधली, मलम लावलं. झालं, पेटीनं बैलाचं मन ओळखलं असं बकाराम बाजारभर सांगत सुटला. सुखवंतासुद्धा दोनदा पेटी बघून गेली, तीही नवं लुगडं नेसून. (माझा डबा घेऊन ती बावीस वर्षांत एकदा आली आहे, आणि त्या दिवशी पाऊस होता म्हणून आली.)

तेव्हा पेटी लबाड आहे हे मला सिद्ध करणं भाग होतं. बुधवारी डॉक्टर हात धुवायला गेले तेवढ्यात मी घरचा कोहळा टेबलावर ठेवला, त्यात सुया खुपसल्या आणि खटका दाबला. दादा, टाक असा धावला म्हणता! बारीक, घाईच्या रेघा, हातभर, दोन हात, दहा हात. मी सगळ्या गर्दीला आत बोलावलं आणि ओरडलो, "पाहा, कोहळा विचार करून रायला!" लोक हसले, मीही हसलो. डॉक्टर हात पुसत आले, कागद पाहिला, आणि खिडकीतून शेजारच्या राइस मिलच्या मुन्नालाल मिस्त्रीला म्हणाले, "मिस्त्री, पाँच मिनट मोटर बंद करोगे?" मोटर थांबली. टाकही थांबला. रेघ सरळ. पेटीनं मिलची वीज पकडली होती, म्हणून तर डॉक्टर नेहमी मिलच्या जेवणाच्या सुट्टीत काम करायचे. (मी तो त्यांचा आळस समजत होतो.) बकाराम म्हणाला, "काऊन जी मनीराम, कोहळा मेला का?" तेव्हापासून मला बाजारात कोहळ्यांसमोरून जाता येत नाही. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "घरी न्या, भाजी चांगली होईल."

आता मुद्द्याचं. सोमवारी आपला चांद्या बैल सुरीखाली आहे. होय, आपलाच, ज्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवला. शिंगाच्या बुडाशी कर्करोग आहे, शिंग काढलं नाही तर जनावर जाईल. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो आहे, की त्या दिवशी पेटी आधी सांगते की माझं बोट, बघाच. माझं बोट जिंकणार यात शंका नाही. तरी तुम्ही तुमच्या साहेबांना सांगून पेटी ताबडतोब परत मागवावी. कारण काहीही लिहा.

तुमचा जळका भाऊ,
मनीराम

ता. क. शनिवारी टपाल निघून गेलं होतं, पत्र खिशातच राहिलं. आज मंगळवार. काल चांद्याला दोर लावून पेंढ्यावर पाडला, औषध दिलं. डॉक्टरांनी सुरी घेतली आणि म्हणाले, "मनीरामभाऊ, तुम्ही सांगा." मी पापणीला बोट लावलं. दादा, बोट इतकं थरथरत होतं, की पापणी हलते की बोट, तेच मला कळेना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग मी तिरप्या डोळ्यानं कागद पाहिला. रेघा बारीक होत्या. "थांबा," म्हणालो. हळूहळू त्या मोठ्या झाल्या, सावकाश झाल्या. तेव्हा म्हणालो, "झाला." चांद्या एका शिंगानिशी आज कुटार खातो आहे. मनीरामचं बोट ते मनीरामचं बोट, असं लोक म्हणाले. मला नंतर आठवलं, एरवी पेटीचं तोंड डॉक्टरांकडे असतं. काल ते माझ्याकडे होतं.

दुसरा ता. क. साहेबांना काही सांगू नका. उलट कागदाच्या दोन गुंडाळ्या लवकर पाठवा, आमची अर्धी कोहळ्यानं संपवली.

तिसरा ता. क. गुंडाळ्या डॉक्टरांच्या नावे पाठवा, माझ्या नावे नको. सुखवंता आज डबा घेऊन आली होती. पाऊस नव्हता. पेटीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, माझं बोट हातात घेऊन बघत बसली.