सोफ्यावरचा डाग

४ मार्च
शिंकले — आणि सोफा ओला. कपडे बदलून बाहेर आले तर सासरे नेमके त्याच जागी येऊन बसलेले. उठले तेव्हा पायजमा मागून ओला. लेक म्हणाली, "ई, आजोबा, तुम्ही?" ते गोंधळून पायजमा चाचपू लागले. मी फडकं आणायला गेले. एवढंच केलं.

५ मार्च
नवऱ्याने सोफ्यावर मेणकापड घातलं. जेवताना म्हणाला, "बाबा, वयोमानाने होतं. मनाला लावून घेऊ नका." बाबा म्हणाले, "अरे, मला कळलंसुद्धा नाही." मी त्यांना आणखी भात वाढला.

९ मार्च
सकाळपासून पाणी पिणं बंद. कपडे काळेच. वर्गात टेबलाला टेकून शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी विनोद सांगू लागलं की वह्या उचलते. गणिताच्या बाई म्हणाल्या, "हिच्या हसण्यावर कर लागतो वाटतं." सगळ्या हसल्या. मी हसले असते तर —

१३ मार्च
शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. खाली मान घालून सांगितलं. "बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतं हे. पाणी पिणं बंद केलंत? मग उलटंच केलंत. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं." लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, धरायचे, सैल सोडायचे. रोज, काही महिने. शिंक येतेय वाटलं की आधीच आवळायचे. इतकं साधं! आणि मी लेकीच्या जन्मापासून गप्प.
घरी येऊन बाबांशी बोलणार होते. भाजी निवडत बसले.

१६ मार्च
बाबा सोफ्यावर बसतच नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसतात. फिरायला न्यायला त्यांचे मित्र आले, तर म्हणाले, "गुडघा धरलाय." गुडघा ठणठणीत आहे. मी कसलं माणूस? माझी लाज त्यांच्या अंगावर ढकलली आणि वर त्यांना गरम चहा नेऊन देते.

१७ मार्च
बाबांना एकटं गाठून सांगितलं. मग — "म्हणजे मी नव्हतो?" चष्मा काढून पुसला. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला नको सांगूस. माझ्याच नावावर राहू दे. म्हाताऱ्याचं काय, खपून जातं."
मी "बरं" म्हणाले. बरं!

१८ मार्च
जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. लेक ताटातून मान वर करेना. नवरा माझ्याकडे वळून काही बोलणार, तोच बाबांनी हात वर केला — "तिचं नंतर. आधी माझी माफी माग."